हरेश्वरभाऊंचा न बोलणारा पंखा

हरेश्वरभाऊ बोलता बोलता मध्येच थांबतात आणि उजव्या हाताचं बोट वर करतात. वाक्य अर्धं असो की चहाचा घोट अर्धा असो, बोट वर गेलं की समोरच्यानं गप्प बसायचं. मग ते मान किंचित तिरकी करून काहीतरी ऐकतात. बोट खाली आलं की वाक्य जिथं सोडलं होतं तिथूनच पुढे सुरू होतं. एकदा ते 'वधूचे मामा' इथं थांबले, आणि माझं अख्खं पान तपासून होईपर्यंत मामा तसेच ताटकळत राहिले.

हरेश्वरभाऊ राहतात नालासोपाऱ्याजवळच्या गास गावात. घराच्या मागे केळीची वाडी, पुढे ओटी आणि ओटीला लागून एक खोली. त्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर आजूबाजूच्या गावांच्या लग्नपत्रिका तयार होतात. हळद, बारसं, वास्तुशांत, झालंच तर मुलामुलींचे बायोडेटा. मी मूळची साताऱ्याची. नालासोपाऱ्याच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले आणि तिथंच फ्लॅट घेऊन राहिले. हरेश्वरभाऊंच्या पत्रिकांचं शुद्धलेखन तपासायला मी त्यांच्याकडे जाते. पत्रिकेत ते 'पाणिग्रहण' बिनचूक लिहितात, पण तोंडात मात्र 'पानी' आणि 'कोन'. मी एकदा तसं म्हटलं, तर म्हणाले, "बाई, कागदावरचा ण तुमचा. तोंडातला न माज्या आईचा."

त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

आता पंख्यांबद्दल. कॉम्प्युटरच्या डब्यात तळहाताएवढे पंखे असतात, आतली गरम हवा बाहेर टाकायला, हे मला हरेश्वरभाऊंमुळेच कळलं. त्यांचा जुना कॉम्प्युटर पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. वर्षानुवर्षं त्या घरघरीत त्यांनी शेकडो लग्नं लावली आणि कधी तक्रार केली नाही. उलट घरघरीच्या वर आवाज चढवून गप्पा मारायचे. मग दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एकाएकी त्यांना तो आवाज सोसेना. का, ते सांगेनात.

पहिला उपाय म्हणून त्यांनी पंखे काढूनच टाकले. ऐन वैशाखात. एक पत्रिका अर्धी झाली होती, वराचं नाव आलं होतं आणि वधूचं यायचं होतं, तेवढ्यात पडदा काळा झाला. मग त्यांनी डब्याची एक बाजू उघडून समोर टेबलफॅन लावला. त्यानं कॉम्प्युटर गार राहिला, पण आमची प्रुफं केळीच्या वाडीत उडाली. सुनंदावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, कागद गोळा करताना मला म्हणाल्या, "तुम्ही तरी विचारा, काय झालंय ते. मला म्हणतात, कानाला त्रास होतो. अहो, ह्यांच्या शेजारी बसून मिक्सर लावला तरी हे पेपर वाचत असतात."

मी विचारलं. हरेश्वरभाऊ म्हणाले, "आधी पंखा बघू."

पंखा बघायला आम्ही विरारला गेलो. मला न्यायचं कारण, 'दोन कान जास्त असलेले बरे.' कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान भर बाजारात. दुकानदार तरुण होता आणि पहिल्या भेटीत तरी उत्साही होता. त्यानं एक खोकं पुढे केलं. "काका, हा घ्या. खोक्यावर लिहिलंय बघा, सायलेंट."

"खोक्यावर काय, मी पन लिहितो," हरेश्वरभाऊ म्हणाले. "कालच एका बायोडेटात 'मितभाषी' लिहून दिलं. तो पोरगा माज्यासमोर तासभर बोलत होता."

मग त्यांनी कापडी पिशवीतून जुन्या यूपीएसची बॅटरी काढली, पंख्याच्या तारा तिला जोडल्या आणि पंखा कानाशी धरला. बाहेर रिक्षांचे हॉर्न आणि भाजीवाल्यांच्या हाळ्या. काही ऐकू येईना. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि दुकानदाराला विचारलं, "तुमचं संडास कुठं हाय?" बॅटरी आणि पंखा घेऊन ते आत गेले, कडी लावली. बाहेर मी, दुकानदार आणि एक गिऱ्हाईक, तिघंही त्या दाराकडे बघत उभे. बऱ्याच वेळानं ते बाहेर आले. "हा शीळ घालतो," असं सांगून त्यांनी दुसरा पंखा मागितला.

पुढच्या भेटींत दुकानदार आम्हाला बघितलं की फोन कानाला लावायचा.

हळूहळू त्यांनी पंख्यांची विद्या जमवली आणि मलाही शिकवली. छोटा पंखा वाईट. तेवढीच हवा ढकलायला त्याला जास्त जोरात फिरावं लागतं, म्हणून तो ओरडतो. मोठा पंखा हळू फिरून तेच काम करतो. "छोटा म्हनजे लग्नातला करवला, काम थोडं न धावपळ फार. मोठा म्हनजे आचारी. जागेवरून हलत नाय, पन पंगत उठते." पंखा पत्र्याला स्क्रूनं आवळायचा नाही, रबराच्या खुंट्यांवर बसवायचा, नाहीतर पंखा गप्प आणि डबा बोलतो. आणि समोरच्या जाळीत धूळ साठू द्यायची नाही. अशी वाक्यं ते वेलांट्या दुरुस्त करता करता सांगायचे, आणि मध्येच बोट वर.

एकदा ते भर दुपारी चर्चच्या पटांगणात बसले होते, कारण दुपारी तिथं झाडाचं पान हललेलं ऐकू येतं. समोर ओळीनं तीन पंखे आणि बॅटरी. फादर बाहेर आले. त्यांनी काही न विचारता खाली बसून तिन्ही पंख्यांना कान लावला आणि मधल्याकडे बोट दाखवलं. "हा बरा. कन्फेशनला येणारी माणसं एवढ्याच आवाजात बोलतात." हरेश्वरभाऊंनी तो पंखा बाद केला. "बोलतात ना पन," असं ते मला नंतर म्हणाले.

मला राहवेना. कानाचा आजार म्हणावा तर डॉक्टरकडे जात नव्हते. गाणं रेकॉर्ड करतात म्हणावं तर गाण्याशी वैर. दुपारची झोप? खोलीत खाटच नव्हती. माझे सगळे अंदाज मी त्यांना ऐकवायची, आणि ते प्रत्येकाला 'तसंच समजा' म्हणायचे.

शेवटी पंखा मिळाला. काळा, साधा, चांगला मोठा. तो मावेना म्हणून कॅबिनेटही मोठं आणलं. बसवला त्या सकाळी मी तिथंच होते. हरेश्वरभाऊंनी बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवून बसले.

"चालू झाला का?" मी विचारलं.

"दिवा बघा."

दिवा लागला होता. आवाज काहीच नव्हता. एवढी शांत खोली मी तोवर अनुभवली नव्हती. वाडीतल्या केळीची पानं ऐकू आली. आणि मग खोलीच्या बाजूच्या भिंतीतून, अगदी स्पष्ट, कोणीतरी खोकलं. चपला फरफटल्या. स्टीलचं भांडं ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला.

हरेश्वरभाऊंचं बोट वर होतं. "आता च्याचं आधन ठेवतील," ते पुटपुटले.

ती भिंत सामाईक होती. पलीकडे त्यांचे थोरले भाऊ पद्माकरदादा राहत होते. दोघांचं बोलणं बंद होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. दादांच्या माडावरून एक नारळ हरेश्वरभाऊंच्या स्कूटरवर पडला होता. दिवा फुटला. दादा आले, नारळ उचलून घेऊन गेले, दिव्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यावरून शब्दाला शब्द वाढला आणि पुढे कित्येक वर्षं शब्दच नाही. सणाला ताट नाही, अंगणात मध्ये कमरेएवढी भिंत. हरेश्वरभाऊ त्यांचा उल्लेख 'तिकडचे' असा करायचे, तोही नाइलाज झाला तर.

दोन वर्षांपूर्वी दादांची बायको वारली. मुलगा बडोद्याला. त्या उन्हाळ्यापासून दादा एकटे राहत होते.

मी हरेश्वरभाऊंकडे बघितलं. त्यांनी पुढचं प्रूफ माझ्याकडे सरकवलं. "वधूच्या आत्याचं नाव बघा, बाई. ऱ्हस्व का दीर्घ?"

मी ऱ्हस्व-दीर्घ बघितलं.

पावसाळा सरता सरता एका सकाळी मी आले, तर ते नुसतेच बसले होते. पडद्यावर काहीच नव्हतं. म्हणाले, "खोकला आला नाय."

"झोपले असतील."

"नाय. उठले. चपला ऐकल्या मी. मग काय तरी पडलं, न मग काय नाय." त्यांनी कॉम्प्युटरच बंद केला. पंख्याचा आवाज नव्हताच, पण तो नसलेला आवाजही नको होता त्यांना. थोडा वेळ भिंतीला कान लावला आणि ताडकन उठले.

अंगणातल्या भिंतीवरून ते पलीकडे गेले तेव्हा त्यांची लुंगी वरच्या विटेत अडकून फाटली. ती तशीच धरून ते मागच्या दारानं आत शिरले. मागोमाग मी, रस्त्यानं वळसा घालून. पद्माकरदादा न्हाणीच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसले होते. एक पाय वाकडा, चेहरा पांढरा, पण शुद्धीवर. शेजारी तांब्या पडलेला.

"हाक का नाय मारली?" हरेश्वरभाऊंनी विचारलं.

"कोनाला मारू?" दादा म्हणाले.

हरेश्वरभाऊंनी तांब्या उचलून बाजूला ठेवला. ते खाली बसले आणि दादांच्या ओल्या पाठीमागे हात घालून त्यांना आधार देत राहिले. मी रिक्षा आणायला पळाले, पण तोवर सुनंदावहिनींनी ॲम्ब्युलन्सला फोन केला होता. दादांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. बडोद्याहून मुलगा आला, राहिला, वडिलांना सोबत चला म्हणाला. दादा म्हणाले, माझी वाडी कोन बघनार. मुलगा परत गेला.

घरी आल्यावर दादांची खुर्ची हरेश्वरभाऊंच्या खोलीत ठेवली. दुपारी काठी टेकत यायचं, पत्रिका बघत बसायचं. सुरुवातीचे दिवस कठीण गेले, आणि ते मुख्यतः मला. कारण दोघं एकमेकांशी बोलायचे ते माझ्यामार्फत.

"बाई, त्यांना सांगा, च्या थंड होतोय."

"बाई, सांगा त्याला, मी थंडच पितो."

"बाई, पायाखाली पाट हवा का विचारा."

खोली एवढीशी, दोघांत हाताचं अंतर, आणि मी मध्ये तारमास्तर. एकदा मी वैतागून म्हटलं की निरोपाचे पैसे लावीन. दोघंही एकदम हसले, पण एकमेकांकडे न बघता.

परवा एक साखरपुड्याचा मजकूर घेऊन मी दुपारी गेले. मुलीकडच्यांना तो संध्याकाळपर्यंत हवा होता. ओटीवर पाय ठेवला तर आतून दोन आवाज येत होते. माझ्याशी बोलतात ती मराठी नव्हे, त्यांची घरची बोली, जी अजून मला निम्मीच कळते. विषय लहानपणचा कुठलासा बैल होता. त्याचं शिंग डावं मोडलेलं की उजवं, यावरून वाद जोरात चालला होता. एक म्हणे तू तेव्हा पाळण्यात होतास. दुसरा म्हणे पाळण्यातून मला शिंग दिसत होतं.

मी दाराशी हात नेला आणि परत घेतला. पायरीवर बसले. थोड्या वेळानं सुनंदावहिनी चहा घेऊन आल्या. कप दोनच होते, आतल्या दोघांचे. त्याही आत न जाता माझ्याशेजारी टेकल्या.

"इतक्यात आत नका जाऊ," त्या हळूच म्हणाल्या.

मजकूर मांडीवर ठेवून मी चहा प्यायले. मुलीकडच्यांचा फोन दोनदा येऊन गेला.