पोलीस-परिचयाची मास्तरीण नेमिली त्याची हकीकत

साल मजकुरी डहाणू तालुक्यातील एका महाविद्यालयाचे दरबारी जे युद्ध जाहले, त्यात रक्त सांडले नाही, चहा मात्र बहुत सांडला. ते यथास्थित लिहिले असे. ज्यांस हसू येईल त्यांनी पदर तोंडास लावावा.

विद्यापीठाचा हुकूम आला की 'पोलीस कामकाजाची ओळख' हा विषय यंदापासून शिकवावा, आणि मग राजमान्य राजश्री प्राचार्यसाहेबांनी खलबत करून ठरविले की तासिका तत्त्वावर शिक्षक नेमावा, आणि तो संस्थाध्यक्षांचा भाचा मनिषराव असावा, आणि मग जाहिरात द्यावी. क्रम हाच. जाहिरात दिली ती अशा अखबारात, जो तलासरीस पोचत नाही आणि डहाणूस पोचला तरी भजी बांधण्याचे कामी येतो. परंतु रानशेतची निलम, फौजदारी कायद्यात पदव्युत्तर आणि हल्ली घोलवडास चिकूची खोकी भरणारी, तिने भज्यांचे तेल पुसून ती वाचिली. यंदा शिकवणे न मिळाले तर पदवी ट्रंकेत आणि जन्म खोक्यांत, ऐसे घरी ठरले होते.

मुलाखत दहाची. दरबार भरला दोनास. तोवर निलमची सासू बायजी, तिचे मांडीवरील निलमच्या सात महिन्यांच्या लेकराने दोनदा आकांत केला आणि निलमने दोनदा जिन्याखाली पाजले, डोळा दारावर, कान नावाकडे. कारण शिपाई नाव एकदाच पुकारितो आणि गैरहजर लिहिण्यास टपलेला असतो.

मग नियम निघाला की नमुना पाठास पाच विद्यार्थी पाहिजेत. सुट्टीमुळे विद्यार्थी औषधास नव्हता. सबब चहावाली रखमी, पहारेकरी झिपरू, दोन कारकून आणि पाचवी खुद्द बायजी, लेकरासह, बाकावर बसविली.

मनिषरावांनी मामांचा कोट घालून 'पोलिसांची वैश्विक भूमिका' या प्रांती स्वारी केली आणि अर्धा तास कोणाचे हाती काही लागले नाही. तो बायजीने हात वर केला.

"बाला, माझी बकरी गंजाडच्या वाटेवर चोरली, तं तक्रार कुठं लिवायची?"

"आजी, आधी हद्द बघावी लागेल."

"हद्द काय बकरीला इचारू?"

रखमी फिसकन हसली आणि अर्धी किटली चहा बाकावर सांडला. मनिषराव वदले, "हे सिलॅबसमध्ये नाही," आणि पाणी प्याले.

मग निलमने खडू घेतला. "आई, कुठल्याही ठाण्यात जा. हद्द त्यांची नसली तरी चोरीची तक्रार लिहून घ्यावीच लागते, मग पुढं ते पाठवतात. आधी वाचून दाखवायला सांगा, मगच अंगठा. नक्कल फुकट मिळते."

"थांबा बाई, हळू सांगा," म्हणून झिपरूने तळहातावर लिहून घेतले.

आता या दरबारचा कदीम रिवाज ऐसा की परीक्षकांनी शेरे पेन्सिलीने मारावे, म्हणजे मागाहून मर्जीप्रमाणे खोडता येतात. सर्वांनी तसेच केले. विद्यापीठाहून आलेल्या तज्ज्ञांस हे सांगण्याचे मात्र राहिले. त्यांनी निलमपुढे 'नेमावे' आणि मनिषरावांपुढे 'नेमू नये' ऐसे शाईने लिहून, सही ठोकून, गाडीसाठी कूच केले. त्यांचे संमतीवाचून नेमणूक रद्द. प्राचार्यसाहेबांनी रबराची तोफ दोन घटका चालविली. कागदास भोक पडले, शाई हलली नाही.

तिसरे दिवशी फर्मान सुटले ते ऐसे: निलम नामजाद शिक्षिका, आठवड्यास तासिका चार, वर्गखोली शिल्लक नाही, सबब कँटीनमागील पडवी, उन्हाळी सुट्टी लागताच मुलूख खालसा. इतका प्रांत काबीज जाहला, तो फत्ते म्हणून दप्तरी रुजू केला असे. शाईने.