बिनइसाराचा कॅमेरा

आपल्याला कोणी फसवू शकत नाही, असं हसनाबादच्या धर्मराजाचं ठाम मत होतं. आता आजवर त्याला कोणी फसवायला आलंच नव्हतं, ही गोष्ट वेगळी!

नवीन जालन्यात स्टेशनजवळ त्यानं गाळा भाड्यानं घेतला होता. 'धर्मराज फोटो आणि टायपिंग' अशी पाटीही लावली होती. आत मात्र कॅमेरा नव्हता नि टाइपरायटरही नव्हता. एक खुर्ची होती, तिच्यावर धर्मराज होता. अशात बियाणं कंपनीचे नरहर साहेब म्हणाले, "आमच्या कपाशीच्या प्लॉटचे फोटो काढायचे, खाली माहिती टाइप करून द्यायची. अख्ख्या हंगामाचं काम आहे. सोमवारी स्वतःचा कॅमेरा घेऊन या, काम तुमचं."

काम मिळालं तर गाळा टिकणार होता. नाही तर पाटी उतरवून गावाकडं, थोरल्या भावाच्या हाताखाली खुरपणीला! बायको दुर्गाबाईनं बजावलंच होतं, "म्या माहेरात सांगून बसले, मालक फोटोग्राफर झाले म्हणून. आता माझी शोभा करू नका!"

नवा कॅमेरा काही परवडणारा नव्हता. तेवढ्यात कळलं, की बँकेतून रिटायर झालेले भालचंद्रराव पुण्याला लेकीकडे राहायला चाललेत आणि घरातलं एकेक सामान विकताहेत. त्यात कॅमेरा आहे, टाइपरायटरही आहे! धर्मराजानं तडक कडूबामामांना बोलावलं. मामा म्हणजे बैलबाजारातले नावाजलेले पारखी. त्यांनी दात बघितल्याशिवाय गावात कोणी गोऱ्हा घेत नसे.

"मामा, पण ह्यो कॅमेरा हाय."

"असू दे की! इकणारा तर माणूसच हाय ना? मंग बराबर पारखतो!"

भालचंद्ररावांनी दोघांना झोपाळ्यावर बसवलं, चहा दिला. मामा कुजबुजले, "सौद्याच्या आधी चहा? सांभाळून ऱ्हा." मग त्यांनी कॅमेरा कानाशी नेऊन हलवला. टाइपरायटरची एकेक कळ दाबून कोणतं अक्षर लंगडतं ते पाहिलं. एकही लंगडत नव्हतं, त्यामुळे त्यांचा संशय आणखी वाढला.

"का इकून राह्यले साहेब?"

"नीट दिसत नाही हो आता."

"याच कॅमेऱ्यानं गेले का डोळे?"

"छे हो! वयानं!"

किंमत ऐकून मामा दचकलेच. इतकी कमी? वर फ्लॅश आणि कातडी पिशवी फुकट! धर्मराज मनातून हरखला, त्याचा हात खिशाकडे निघालाही. तेवढ्यात भालचंद्रराव नको ते बोलून गेले. "पैसे आत्ता नकोत. चार दिवस घरी नेऊन वापरा. पसंत पडलं तर द्या."

झालं! 'जरा बाहेर बोलून येतो' म्हणत मामांनी भाच्याला ओढतच ओट्यावर नेलं.

"इसारसुदिक मागत न्हाई! बिगर इसाराचं जनावर हातात देणारा माणूस म्या बाजारात पाह्यला न्हाई. चोरीचा माल हाय ह्यो!"

"बँकेतला माणूस चोरी करील का मामा?"

"मंग पुण्याला कशाला पळून राह्यला?"

बैल घेताना एक रीत असते. विकणाऱ्याच्या गावात, त्याच्या माघारी, जनावराची चौकशी करायची. मारकं आहे का, मूळचं कोणाचं. मामांनी तीच रीत या गल्लीत लावली. शेजारच्या शरयूताईंचं दार वाजवून ते हळूच म्हणाले, "बाई, शेजाऱ्याचा कॅमेरा मूळचा कोणाचा, काही ठावं हाय का? चोरीचा तर न्हाई? आम्ही इचारलं म्हणून कुणाला सांगू नका."

शरयूताईंचे डोळे मोठे झाले. एक पागोटंवाला, एक पँटवाला, दबक्या आवाजात चोरीची चौकशी! साध्या वेशातले पोलीस! त्यांनी दार लावलं आणि मागच्या दारानं अख्ख्या गल्लीला खबर दिली.

आता पंचाईत अशी, की अर्ध्या गल्लीनं भालचंद्ररावांकडून काही ना काही स्वस्तात उचललं होतं. मामा-भाचे भालचंद्ररावांच्या ओट्यावर परततात तोच बद्रीनाथशेठ आले, टेबलफॅन तिथं ठेवून पळाले. मागून स्टूल आलं. इस्त्री आली. शेवटी शरयूताई भिंतीवरचं घड्याळ घेऊन आल्या आणि मामांपुढं हात जोडून म्हणाल्या, "साहेब, आम्हाला काही माहीत नव्हतं हो! आमच्या यांनाच घड्याळाची हौस!"

"बघ!" मामा गरजले. "सारी गल्ली चोरीचा माल वापस करून राह्यली!"

भालचंद्ररावांच्या पत्नी रमाबाई दारात येऊन थिजल्याच. "अहो, बाहेर या! आपण विकलेलं सगळं परत आलंय!"

एवढ्यात कोणा शहाण्यानं खऱ्या पोलिसांना बोलावलं. मच्छिंद्र जमादारांनी येताच विचारलं, "साध्या वेशातले पोलीस कोण?" सगळ्या गल्लीची बोटं या दोघांकडं!

"पोलीस म्हणून फिरता काय रे?"

"न्हाई साहेब! गिऱ्हाईक हाय मी!" धर्मराज रडकुंडीला आला.

"काय घेतलंस मग?"

"अजून काहीच न्हाई!"

दोघांची वरात चौकीकडं निघाली. मागोमाग बिचारे भालचंद्रराव धापा टाकत आले. "सोडा हो त्यांना. भले लोक आहेत. माझा कॅमेरा आणि टाइपरायटर बघायला आले होते. मीच म्हटलं, आधी वापरून बघा, मग पैसे द्या."

जमादार खुर्चीतून उठले. "केवढ्याला देता? काय सांगता! आमचा मेहुणा वसंता रिकामाच बसलाय. चला, आत्ता घेतो!"

ना दात बघितले, ना कपाळावरचा भोवरा! जमादारांनी रोख पैसे मोजले. सुटून बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "काही न घेता आपल्याला सोडवलं त्या बँकवाल्यानं. भाच्या, माणूस बिलकुल साफ न्हाई!" धर्मराजाला मामांचा गळा धरावासा वाटला, पण मामाच पडले, करता काय!

सोमवारी तोच कॅमेरा गळ्यात अडकवून वसंता नरहर साहेबांपुढं हजर झाला आणि हंगामाचं काम त्याला मिळालं. रिकाम्या हातानं आलेल्या धर्मराजाची मात्र नरहर साहेबांना कीव आली. "कपाशीची उंची कळायला शेजारी एक माणूस उभा लागतो. याल का?"

गाळ्याचं भाडं डोळ्यांपुढं होतं. धर्मराज गेला.

त्या वर्षीच्या एकूण एक फोटोत कपाशी आहे आणि कपाशीशेजारी धर्मराज आहे. दुर्गाबाईनं माहेरात सांगितलं, मालक लई पुढं गेले, आता दुसरेच त्यांचे फोटो काढतात! फक्त एकाही फोटोत तो हसलेला नाही. वसंता घसा कोरडा करून ओरडायचा, "अहो, हसा की राव!"

धर्मराज हसायचा नाही. कॅमेऱ्याकडं डोळे बारीक करून एवढंच विचारायचा, "वसंता, आत रीळ हाय ना नक्की?"