मशीन खोटं बोलत नाही

फळ्यावर खडूनं लिहिलेलं नाव आपलंच आहे, हे केशरबाईंना वाचता येत होतं आणि म्हणूनच त्यांच्या अंगाची लाही लाही झाली. ‘भट्टीच्या मालात तांबं जास्त. निवडीत हयगय : केशरबाई. उद्यापासून कामावर येऊ नये.’ खाली मॅनेजर काकासाहेबांची सही. अख्ख्या शिफ्टनं जेवायच्या सुट्टीत डबे खाता खाता ते वाचलं होतं.

जालन्यातल्या त्या सळईच्या कारखान्यात केशरबाई सोळा वर्षं भंगार निवडत होत्या. लोखंडाच्या ढिगातून तांब्याची तार, पितळेची तोटी वेगळी काढायची. कारण तांबं भट्टीत गेलं की सळईला तडे जातात. पंख्याच्या मोटारीत अडकलेली वीतभर तारसुद्धा त्यांच्या हातून सुटत नसे. अशा बाईवर हयगयीचा ठपका, आणि तोही न विचारता, न सांगता! त्यांनी हातमोजे काढले, पदर खोचला आणि तडक लॅब गाठली.

लॅबमध्ये केमिस्ट बद्रीनाथ आपल्या लाडक्या स्पेक्ट्रोमीटरपुढे बसले होते. भट्टीतल्या रसाचा बत्ताशाएवढा नमुना ग्राइंडरच्या पट्ट्यावर घासून या मशीनवर ठेवायचा. मशीन त्याच्यावर ठिणगी पाडतं, ठिणगीच्या उजेडातले रंग वेगळे करतं आणि आत कुठलं मूलद्रव्य किती आहे ते अर्ध्या मिनिटात पडद्यावर मांडतं. बद्रीनाथ रोज सकाळी या मशीनला उदबत्ती ओवाळत. घरच्या माणसांवर नव्हता एवढा त्यांचा त्याच्यावर विश्वास होता.

“साहेब, कुठंय तांबं?” केशरबाईंनी दारातूनच विचारलं.

“हे काय, पडद्यावर. पॉइंट सहा! पॉइंट दोनच्या आत पाहिजे.”

“तुम्ही पडदा बघून राह्यले, म्या ढीग बघून आले. ढिगातून तांबं गेलंच न्हाई.”

“केशरबाई, माणूस खोटं बोलंल. मशीन खोटं बोलत न्हाई.”

सकाळपासून बद्रीनाथांनी हे वाक्य किती जणांना ऐकवलं होतं याला गणती नव्हती. दहा वाजता पहिल्या नमुन्यात तांबं निघालं, तेव्हा काकासाहेबांनी भट्टीत चोख लोखंड टाकायला लावलं. दुसऱ्या नमुन्यात तांबं वाढलं. मग अंबडहून आलेला भंगाराचा ट्रक फाटकातून परत पाठवला आणि ट्रकवाला शिव्या घालत गेला. तिसऱ्या नमुन्यात पुन्हा तांबं. भट्टी तापून राहिलेली, सळई न्यायला आलेल्या गाड्या रांगेत उभ्या आणि काकासाहेबांचं रक्त उकळलेलं. एवढा राग कुणावर तरी काढायलाच हवा होता. भंगार निवडणारी बाई त्यासाठी सगळ्यात जवळ सापडली.

केशरबाई बाहेर गेल्या आणि सळईचा एक तुकडा घेऊन आल्या. मागोमाग काकासाहेबही आले.

“ही कालची सळई. काल तुम्हीच पास केली. हिला लावा मशीनवर.”

“कशाला? तिचा रिपोर्ट झालाय.”

“मंग भ्यायचं काय कारण?”

बद्रीनाथांना हे झोंबलं. त्यांनी तुकडा ग्राइंडरवर खसाखसा घासला, मशीनवर ठेवला. ठिणगी पडली. पडद्यावर आकडा आला : तांबं, पॉइंट पाच.

“बघा!” बद्रीनाथ सवयीनं म्हणाले आणि मग स्वतःच तो आकडा पुन्हा वाचू लागले.

“काल पास झालेल्या सळईत रातीतून तांबं उगवलं का?” केशरबाईंनी विचारलं.

काकासाहेब डोळे बारीक करून पडद्याकडे बघत होते. “बद्रीनाथ, हे खाली जस्त पण दाखवून राह्यलंय. जस्त कुठून आलं?”

“जस्त भट्टीत टिकत न्हाई. पांढरा धूर होऊन उडून जातं,” बद्रीनाथ पुटपुटले. सकाळपासून त्यांनी तांब्याच्या खालची ओळ वाचलीच नव्हती!

“आज धूर निघालाच न्हाई. भिवाला इचारा, तोच भट्टीवर हाय.” केशरबाई बोलता बोलता ग्राइंडरपाशी गेल्या. पट्ट्यावरून बोट फिरवून त्यांनी ते खिडकीच्या उजेडात धरलं. “जस्त इथून आलं. हे पितळ हाय. कोनी तरी या पट्ट्यावर पितळ घासलंय, आन् तेच तुमच्या नमुन्याला लागून राह्यलंय.”

“पितळ?” बद्रीनाथ उसळले. “काहीबी काय बोलता! शुद्ध तांब्याचा कलश आहे तो!”

“कोणता कलश?” काकासाहेबांनी विचारलं.

खिडकीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला कलश शेवटी बाहेर आलाच. उद्या बद्रीनाथांच्या घरी घट बसणार होते. कलशाचे डाग चिंचेनं निघेनात म्हणून बायकोनं, नंदाबाईंनी, तो यांच्या हाती दिला होता. यांनी सकाळी सकाळी दोन मिनिटांत ग्राइंडरवर साफ केला होता.

केशरबाईंनी कलश उलटा केला. “वरून लाल, आन् घासलं तिथं पिवळा. तांब्याचा निस्ता मुलामा हाय, साहेब. आत पितळ.”

काकासाहेबांनी पट्टा बदलायला लावला. नव्या पट्ट्यावर घासलेल्या नमुन्यात तांबं पॉइंट एक निघालं आणि जस्त नाहीच. भट्टी ओतायचा हुकूम सुटला, अंबडच्या ट्रकवाल्याला फोन गेला. काकासाहेब घाईघाईनं निघाले.

“थांबा,” केशरबाई म्हणाल्या. “माझं नाव फळ्यावर लिहिलं तवा सगळ्यांनी वाचलं. आता ते पुसून भागायचं न्हाई. खरं काय ते लिहा. खडूनं, शिफ्ट सुटायच्या आत.”

काकासाहेबांनी खडू बद्रीनाथांच्या हातात दिला. सगळी शिफ्ट बघत असताना बद्रीनाथांनी लिहिलं : ‘केशरबाईंची निवड बरोबर. त्या उद्या कामावर येतील. चूक लॅबची.’ खाली सही केली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

“अहो, निघाला का कलश?” नंदाबाईंचा खणखणीत आवाज पार भट्टीपर्यंत गेला. “आणि त्या मशीनवर बघून घ्या म्हणलं होतं ना! जाऊबाई मला म्हणून राह्यल्या, ‘तुमच्या आईनं हलकं भांडं दिलं.’ शुद्ध तांबं आहे म्हणावं! मशीन काय म्हणतंय?”

बद्रीनाथांनी काखेत धरलेल्या कलशाकडे पाहिलं, मग फळ्याकडे. कपाळाचा घाम पुसला.

“अगं, शुद्धच आहे,” ते हळूच म्हणाले. “अन् मशीनचं काय घेऊन बसलीस? तेबी कधीमधी खोटं बोलतं.”

केशरबाई हातमोजे चढवत मागेच उभ्या होत्या.

“साहेब,” त्यांनी विचारलं, “हेबी फळ्यावर लिहायचं का?”