पास्कल मास्तर बेकन बसवतात

पास्कल मास्तर दर शुक्रवारी दुपारी एका रिकाम्या खुर्चीशी गप्पा मारायचे. गप्पा म्हणजे नुसते ओठ हलवायचे, आवाज नाही. मध्येच थांबून समोरचं ऐकायचे, मान डोलवायचे, आणि एखाद्या शुक्रवारी पोट धरधरून हसायचे. ते हसणंही बिनआवाजाचं. खिडकीतून पाहणाऱ्याच्या अंगावर सरसरून काटा यायचा. खिडकीतून पाहणारा अर्थात मी. शेजारधर्म म्हणून पाहायचो.

आमच्या सौभाग्यवतीचं, म्हणजे सुनंदाचं, मत पहिल्या शुक्रवारपासून ठाम होतं. "बाई आहे ती," ती म्हणायची. "दिसत नाही म्हणून काय झालं?"

नव्वदच्या आगेमागे आम्ही भिवंडीत नारपोलीला राहायला आलो. खाली लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना, वर राहत्या खोल्या. खालच्या खडखडाटाने आमच्या फळीवरची भांडी आपोआप सरकत पुढे यायची आणि सुनंदा ती दिवसातून दोनदा मागे ढकलायची. शुक्रवारी मात्र लूम बंद. चाळीतले पुरुष दुपारी नमाजाला गेले की जी शांतता पसरायची, तिची आम्हाला भीती वाटायची. आवाजाची सवय झालेल्या कानांना मग नको नको ते ऐकू येतं. आम्हाला ऐकू यायचं ते भिंतीपलीकडच्या तव्यावरचं चरचरणं. मग वास यायचा. मग ते ओठ हलू लागायचे.

मास्तर म्हणजे खालच्या कारखान्यातले, विणलेलं कापड तपासणारे कापड मास्तर. मूळचे वसईचे ख्रिस्ती, उंच, पांढरा शर्ट, खिशात छोटी कात्री. बायको आम्ही यायच्या आधीच वारलेली. मूलबाळ नाही. जगातली प्रत्येक वस्तू ते कापड समजून तपासायचे. सुनंदाने एकदा आमटी पाठवली तर वाटी परत करताना म्हणाले, "वहिनी, चव फर्स्ट क्लास, पण वीण जरा विरळ पडली." सुनंदा आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. आमटी मी केली नव्हती, पण राग कुठेतरी काढायचा असतो.

या माणसाचा जीव होता बेकनवर. बेकन म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या पातळ पट्ट्या. मास्तर ते मुंबईहून घेऊन यायचे, आणि ते ठेवण्यासाठी त्यांनी चाळीतला पहिला फ्रिज घेतला होता. त्यात बेकन आणि पाण्याची बाटली, बस. सुनंदाने एकदा दूध ठेवू का विचारलं, तर त्यांनी हात जोडले. "नको वहिनी. उद्या तुम्हाला कुणी सांगितलं आत काय असतं, तर उगाच दूध ओतून द्याल."

चाळीचे आणि लूमचे मालक हमीदशेठ. जुने भिवंडीकर, पाच वक्तांचे नमाजी. त्यांच्या छपराखाली हा पदार्थ तळायचा म्हणजे वाघाच्या जबड्यात हात घालणं, असं मला वाटायचं. मी एकदा आडून आडून विषय काढला. शेठ दाढी कुरवाळत म्हणाले, "अरे, वो मेरे मशिदीत जायच्या टाइमलाच तवा ठेवतो. इतना अदब कौन रखता है? और जुम्मे को मेरी नाक छुट्टी पे रहती है." विषय मिटला.

मग मास्तरांच्या छातीत दुखलं.

मी तेव्हा आमच्या गल्लीतल्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. डॉक्टर तरुण, नवीन शिकून आलेले, आणि त्यांच्या डोक्यात कॅलरीचं खूळ शिरलेलं. इंजेक्शन मागायला आलेल्या माणसाला ते कॅलरीचा तक्ता देऊन पाठवत. नारपोलीचे पेशंट तक्ता घेत आणि इंजेक्शन दुसरीकडे जाऊन घेत. मास्तरांनी मात्र तक्ता डोळ्यांजवळ धरून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग विचारलं, "यात बेकन कुठाय?"

डॉक्टर शुद्ध शाकाहारी. त्यांनी जाडं पुस्तक काढलं, शोधलं, आणि आकडा पाहून पुस्तक पटकन मिटलं. "सोडून द्या," ते म्हणाले.

"सोडायचं नाही. बसवायचंय."

अर्धा तास घासाघीस झाली. शेवटी डॉक्टरांनी हात टेकले. "ठरवून दिलेल्या आकड्यात बसवा. बेकन घेतलंत तर दुसरं काहीतरी काढा. भात काढा, भाकरी काढा. आकडा ओलांडायचा नाही."

"बसवू की!" मास्तर म्हणाले. त्या दिवसापासून हा त्यांचा मंत्र झाला. कारखान्यात सूत तोलायचा एक नाजूक काटा असतो, गुंजभर फरकही सांगणारा. तसला एक जुना काटा त्यांनी शेठकडून मागून घरी आणला. त्यावर पट्टी ठेवायची, डोळा बारीक करायचा, कात्रीने कडेची चरबी कापायची, पुन्हा तोलायचं. जिन्यात भेटले की मी विचारायचो, "काय मास्तर, बसलं का?" ते खूश होऊन सांगायचे, "बसलं! चहातली साखर काढली, झकास बसलं!" पुढच्या महिन्यात, "रात्रीची पोळी काढली, बसलं!" मीही हसायचो. डॉक्टरांचा एकमेव आज्ञाधारक पेशंट आमच्या चाळीत राहतो याचा मला अभिमान होता.

हसू हळूहळू मावळलं. मास्तर दिसेनासे होऊ लागले. म्हणजे जिन्यात भेटायचे, पण दर वेळी थोडे कमी. शर्ट चालत यायचा आणि आत कुठेतरी मास्तर असायचे. गालफडं बसली, डोळे आत गेले, आवाज कापसातून आल्यासारखा झाला. तरी ओठांवर तेच, "बसतंय, बसतंय."

सुनंदा तर संध्याकाळी गॅलरीत जाईना. तिचं म्हणणं, त्या खोलीतलं कुणीतरी मास्तरांना खातंय. तिच्याकडे पुरावे होते. एक, लूमवरच्या खोल्यांत कापसाची पांढरी लव रोज सगळ्यावर बसते. कपाट, उशी, देव, काही सुटत नाही. मास्तरांच्या खोलीत त्या एका खुर्चीवर मात्र लव नसायची. सुनंदाने धीर करून विचारलं होतं, "ती खुर्ची तुम्ही रोज पुसता का हो?" तर मास्तर साधेपणाने म्हणाले, "मी कशाला पुसू? ती बसते ना." सुनंदाची बोबडी वळली ती वळलीच. दोन, कावळे. शुक्रवारी दुपारी समोरच्या पत्र्यावर ओळीने कावळे बसायचे. ओरडायचे नाहीत, उडायचे नाहीत. मास्तरांच्या खिडकीकडे तोंड करून नुसते बसायचे. हे मी स्वतः पाहिलं होतं आणि सुनंदाला "तुझं आपलं काहीतरीच" असं म्हणून पंखा मोठा केला होता.

एका गुरुवारी मास्तर लूमजवळ चक्कर येऊन पडले. चालत्या लूमवर पडले असते तर हातच गेला असता. डॉक्टरांनी वजन केलं आणि त्यांचाच चेहरा उतरला. "मी सांगितलेल्यातलं हा माणूस अर्धंही खात नाही," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "असंच चाललं तर पुढच्या वेळी उठणार नाहीत. काय खातात, स्वतः जाऊन बघा."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. दुसरा दिवस कुठलाही असता तर बरं झालं असतं.

मी दार लोटलं तेव्हा मास्तर खुर्चीसमोर बसून ओठ हलवत होते. मला पाहून त्यांनी खुर्चीकडे बोट केलं, म्हणजे थांबा, हिचं होऊ दे. मी थांबलो. खोलीत चिटपाखरूही नव्हतं आणि मी कुणाचं तरी बोलणं संपायची वाट पाहत उभा होतो. टेबलावर दोन ताटल्या. एक पालथी. दुसरीत चार पट्ट्या, कुरकुरीत तळलेल्या, वर लाल आगरी मसाला.

"मास्तर, काय जेवलात?"

"चहा झाला. बिनसाखरेचा."

"आणि काल?"

"काल बसत नव्हतं."

"मग हे कुणासाठी?"

"हिराबाईसाठी," ते म्हणाले. शेजारच्या खोलीतल्या माणसाचं नाव घ्यावं इतक्या सहज.

हिराबाई म्हणजे त्यांची बायको. जवळच्या पूर्णा गावची आगरीण, खाली सुताच्या कांड्या भरायला यायची. लूमच्या आवाजात हाक मारली तरी पोचत नाही, म्हणून तिथली माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. या दोघांचं लग्नही तसंच ठरलं, आवाज न करता. "घरीसुद्धा तसंच बोलायचो," मास्तर म्हणाले. "सवय. भांडलो तरी शेजाऱ्यांना कळायचं नाही."

ती सोमवार, गुरुवार, शनिवार पाळायची. मास्तर त्यांच्या धर्माप्रमाणे शुक्रवारी मांस खात नसत. तिचा शुक्रवार मोकळा. म्हणून दर शुक्रवारी ती मसाला लावून आपलं बेकन तळायची आणि मास्तर समोर बसून तिला खाताना बघायचे. "पण आधी मला वाढायची. मासे, अंडं, असेल ते. म्हणायची, तुमी जेवल्याबिगर माझ्या घशाखाली घास न्हाय उतरायचा."

ती गेली आणि तिचा शुक्रवार मास्तरांनी चालू ठेवला. तळायचं, तिच्याशी बोलायचं, मग ताटली गॅलरीच्या कठड्यावर ठेवायची. "आमच्यात हे नाही. फादरना कळलं तर कान उपटतील. पण तिच्यात कावळा लागतो ना. दर शुक्रवारी यायचा, न्यायचा." त्यांनी बाहेर पत्र्याकडे पाहिलं. "तक्ता आणला तेव्हापासून शिवत नाही. मला वाटलं, तिला कमी पडतंय. एकीच्या दोन केल्या. दोनाच्या चार. तरी नुसते बघतात."

"आणि या चार पट्ट्या..."

"बसवतोय ना! चार म्हणजे माझी भाकरी, दोन्ही वेळचा भात आणि डाळ. शुक्रवारी नाही फिटलं तर आठवडाभर फेडायचं. कसंबसं बसतं."

मला क्षणभर काही कळेना. मग कळलं. "मास्तर, हे तुम्ही खात नाही. मग तुमच्या आकड्यात का धरता?"

मी काहीतरी अभद्र विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कंपाउंडरसाहेब, घर एक, चूल एक. तिचं वेगळं कसं धरणार?"

"अहो, मेलेल्या माणसाला कॅलरी नसतात!"

बोललो आणि जीभ चावली. मागे दारात सुनंदा उभी होती. मला उशीर झाला म्हणून आली होती, की कान लावून ऐकत होती, ते तिने मला आजवर सांगितलेलं नाही. जिला त्या दारावरून जायची भीती वाटायची ती एकदम मागे वळली, आणि परत आली ती ताट घेऊन. भात, त्यावर सुक्या बोंबलाचं कालवण. ते तिने मास्तरांपुढे ठेवलं.

"शुक्रवारी मासे चालतात ना तुम्हाला?"

"चालतात. पण वहिनी, भात बसत नाही."

"ती कशी शिवेल मास्तर?" सुनंदा म्हणाली. ती मागे सरली नाही. "तुम्ही जेवल्याशिवाय ती कधी जेवली होती का?"

मास्तरांनी उठून हिराबाईंची ताटली गॅलरीत नेऊन ठेवली, परत आले आणि खुर्चीकडे वळले. त्यांचे ओठ हलू लागले. बराच वेळ बोलत होते. मध्ये थांबले, ऐकलं, मान हलवली. डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसलंही नाही. मग ताट ओढून त्यांनी भात कालवला आणि जेवू लागले. कित्येक दिवसांचा उपाशी माणूस जेवतो तसे जेवले. बघवत नव्हतं आणि नजर हलवताही येत नव्हती.

अर्धं ताट झालं असेल, तेवढ्यात बाहेर पंख फडफडले. कठड्यावर नखं वाजली. ताटली किणकिणली. आमच्यापैकी कुणीही वळून पाहिलं नाही. सुनंदाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की तिच्या बांगड्या माझ्या हाताला रुतल्या. मग पंखांचा आवाज दूर गेला.

मास्तरांनी ताट पुढे केलं. सुनंदाने आणखी भात वाढला.

"काय म्हणालात तिला?" तिने विचारलं.

मास्तर खुर्चीकडे न बघता भात कालवत राहिले.

"म्हटलं, आजपासून तुझं वेगळं धरतो." घास त्यांच्या हातातच राहिला. "आमचं कधी वेगळं नव्हतं हो, वहिनी."