दिगंबरकाकांचा सा

नेरूळच्या आमच्या सोसायटीत सकाळी सहाला पाण्याचा पंप सुरू होई, आणि तळमजल्यावरचे दिगंबरकाका त्याच्या घरघरीवर तानपुरा जुळवून धृपद गायला बसत. पुढे पंप बिघडला, दुरुस्त झाला आणि काकांनी सोसायटीच्या सभेत तक्रार मांडली, "पंप अर्धा स्वर वर गेलाय."

सेक्रेटरी मुकादमचाचांचा एपीएमसी मार्केटात कांद्याचा गाळा. ते शांतपणे म्हणाले, "काका, चौथ्या माळ्यावर पानी येते ना? मग टेन्शन नाय घ्यायचा."

पाणीपट्टीविरुद्धच्या मोर्चात ओरडून माझा घसा बसला, तेव्हा काकांनी मला जिन्यात अडवलं. "मागण्या बरोबर आहेत तुझ्या. घोषणेला षड्ज नाही. उद्या सहाला ये."

मी गेलो तो घोषणा सुधारायला. पण उन्हाळ्यात सुरू झालेला सा गणपती जवळ आले तरी संपेना. बाकीचे शिष्य कधीच पळाले होते. एक बाई मुलीचं गॅदरिंगचं गाणं बसवून घ्यायला आल्या, तर काकांनी बाईंनाच सा लावायला बसवलं. मी 'रे' कधी, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येई, "घाई कुणाला आहे?"

"कला जनतेची असते, काका," मी एकदा ठणकावलं. "ती चार भिंतींत कोंडणं हा अन्याय आहे."

"मी दार उघडंच ठेवतो. जनता सहाला उठत नाही, त्याला मी काय करू?"

मग जनता मीच गोळा करायचं ठरवलं. गणेशोत्सवाच्या कमिटीला ऑर्केस्ट्रा हवा होता. मी पत्रक काढून घरोघर वाटलं, मुकादमचाचांनी माझी बाजू घेतली आणि काकांना एक संध्याकाळ मिळाली. अट एवढीच, की लोक उठून गेले तर पुन्हा काकांचं नाव काढायचं नाही.

काकांनी सदऱ्याला दोनदा इस्त्री केली. "धाकटा गेल्यापासून चारचौघांत बसलो नाही," एवढंच म्हणाले. ते आणि त्यांचा धाकटा भाऊ जन्मभर जोडीनं गायले. घरात भिंतीवर दोघांचा फोटो होता, त्यात दोघांचीही तोंडं उघडी.

काकांनी आलाप सुरू केला. मी मागे तानपुऱ्यावर. खोल, संथ आवाजानं मांडव हळूहळू गप्प झाला, आणि काका थांबले. टाळ्या पडल्या. मुकादमचाचा शाल-नारळ घेऊन स्टेजवर आले. "वा काका, एकदम झकास."

"अजून चालू आहे."

चाचा खाली उतरले. काका गायले, पुन्हा थांबले. चाचा पुन्हा वर. पुढच्या खेपेला ते पायरीवरच थबकले. "काका, आता नक्की काय समजू?"

मांडवात हशा पिकला. मागच्या खुर्च्या सरकू लागल्या. मी पुढे वाकलो. "काका, मधेच थांबू नका. लोक उठतायत."

"मी कुठे थांबतोय," काका हळूच म्हणाले. "तिथं धाकटा गातो."

आणि ते पुन्हा गाऊ लागले. स्वर संपला, ती रिकामी जागा आली. माझ्याकडे द्यायला फक्त सा होता. मोर्चातली सगळी ताकद लावून मी तो दिला.

काकांनी मागे पाहिलं नाही. नुसते जरा बाजूला सरकले. सतरंजीवर एका माणसापुरती जागा झाली. मी तानपुऱ्यासकट पुढे जाऊन बसलो.

उठलेले लोक खुर्च्यांच्या पाठी धरून उभेच राहिले. मुकादमचाचा नारळ मांडीवर घेऊन शेवटपर्यंत पायरीवर बसले होते.

तानपुऱ्याला गवसणी घालताना मी विचारलं, "कसा लागला?"

"चढा. पंपासारखा."

गवसणीची नाडी बांधता बांधता ते मधेच थांबले. या वेळी मी गप्प राहिलो.

"उद्या सहाला ये," काका म्हणाले. "रे घेऊ."