जकात नाक्याच्या विटेचा अर्ज

बेलसांगवीच्या पाडलेल्या जकात नाक्यातल्या एका विटेने संशोधन निधीसाठी अर्ज केला आणि तो मुदतीत पोचल्यामुळे समितीला तो विचारात घ्यावा लागला.

आता कुणी म्हणेल, वीट कशी अर्ज करील? तर त्याने अर्जाचा छापील नमुना काढून बघावा. त्यात 'अर्जदाराचे नाव' असं आहे. अर्जदार माणूसच असावा असं कुठेही म्हटलेलं नाही. शिवाय ही काही कालपरवा भट्टीतून निघालेली वीट नव्हती. तिने नव्वद वर्षं नाक्याच्या भिंतीत काढली होती, तीही कारकुनाच्या टेबलाच्या बरोब्बर मागे. अर्ज, पोच, शेरा, जावक क्रमांक हे सगळं तिने रोज ऐकलेलं. आमच्या गावात तिच्याइतकी कार्यालयीन भाषा ग्रामसेवकालाही येत नाही, हे ग्रामसेवक स्वतः मान्य करतो.

संशोधनाचा विषय होता : 'पाडलेल्या जकात नाक्याच्या विटांचा बेलसांगवी अंगणवाडीच्या बांधकामात पुनर्वापर'. मुख्य संशोधक म्हणून वीट स्वतः आणि सह-संशोधक म्हणून यल्लूबाई धोत्रे.

यल्लूबाईंचं वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. पाडकामातल्या विटांचा चुना खरवडायचा, वीट साफ करून थप्पीला लावायची, हे काम त्यांनी उभं आयुष्य केलं. नाका पडला तेव्हा अकरा हजार विटा त्यांनी एकटीने साफ केल्या, कारण त्या अंगणवाडीला जातील असं त्यांना सांगितलं होतं. मग अंगणवाडीला नव्या विटांचं ठरलं आणि ढिगाला सोमवारची तारीख मिळाली. सोमवारी गाडी येणार, ढीग भरून नेणार आणि खडी करून रस्त्याखाली घालणार. हे कळलं त्या दिवशी यल्लूबाई ढिगाशेजारी बसून रडल्या. लपून नव्हे, चांगल्या मोठ्याने रडल्या. तेव्हाच थप्पीच्या वरच्या ओळीतली वीट म्हणाली, "यल्लू, रडणं पुरे झालं. कागद आण."

मुलाखत शुक्रवारी होती. सकाळी यल्लूबाईंनी विटेला बादलीत बुडवलं. बुडबुडे थांबेपर्यंत भिजू दिलं, निथळवलं आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलं. याचं कारण कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही विचार केला नाही. कामाला निघालेली वीट भिजवायची असते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. एसटीत कंडक्टरने समितीचं पत्र वाचलं, विटेला खिडकीकडची जागा दिली आणि यल्लूबाईंना शेजारची.

समितीचे अध्यक्ष डॉ. औटी साहेब भले गृहस्थ होते. त्यांच्या बाजूला सदस्य राजहंस बाई बसल्या होत्या. नियमांचं पुस्तक त्यांच्यासमोर होतं, पण त्यांना ते उघडावं लागत नसे. वीट टेबलावर, गोणपाटावर ठेवली गेली.

"पूर्वानुभव?" औटी साहेबांनी विचारलं.

"नव्वद वर्षं. विनाखंड," वीट म्हणाली. "दोन पूर पाहिले. भिंत हलली नाही. नाका बंद झाला, तो जकात रद्द झाली म्हणून. आमच्यात दोष निघाला म्हणून नव्हे. तेवढं नोंदवून घ्या."

औटी साहेबांनी नोंदवून घेतलं. यल्लूबाईंना इतका अभिमान वाटला की त्यांनी पदर सावरला आणि पाठ ताठ केली.

"नियम नऊ," राजहंस बाई म्हणाल्या. "प्रस्तावाची तपासणी समकक्ष परीक्षकाकडून व्हायला हवी. परीक्षक अर्जदाराच्या नात्यातला नसावा."

"म्हणजे मला वीटच हवी," वीट म्हणाली. "आणि माझ्या भट्टीतली नको."

"बरोबर."

समितीचा शिपाई सभागृहात हिंडला. खिडकीखाली एक वीट सैल होती. त्याने तीच हलवून हलवून बाहेर काढली, फुंकर मारली आणि टेबलावर ठेवली. ती तिशीतली होती, कार्यालयाबरोबरच लागलेली. अर्जदाराशी नातं नाही असं तिने तोंडी सांगितलं आणि राजहंस बाईंनी ते ग्राह्य धरलं.

"प्रस्ताव वाचला," परीक्षक वीट म्हणाली. "भाषा उत्तम आहे. पण वाजवून पाहिल्याशिवाय मी शेरा देणार नाही."

यात तिचं चुकलं असं कुणी म्हणू शकत नाही. गवंडी विटेवर वीट वाजवतो. खणखणीत वाजली की पक्की, बद्द वाजली की कच्ची. समकक्ष तपासणीची एवढी जुनी पद्धत दुसरी नाही. पण यल्लूबाईंनी टेबलावरच्या ओल्या गोणपाटाकडे पाहिलं. भिजलेली वीट वाजत नाही. उभ्या जन्मात हजारो विटा भिजवलेल्या बाईला हे सकाळी बादलीपाशी आठवलं नव्हतं, आत्ता आठवलं.

शिपायाने दोन्ही विटा उचलल्या आणि एकमेकींवर आपटल्या. बद्द.

पुन्हा आपटल्या. पुन्हा तसंच.

औटी साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "वाईट वाटतं," ते म्हणाले, "पण आवाज नाही."

यल्लूबाई आजवर कुठल्या कचेरीत आपण होऊन बोलल्या नव्हत्या. त्या उभ्या राहिल्या. "साहेब, चूक माझी हाय. मी तिला सकाळी भिजवली. ती पक्की हाय, माझ्या हातावर इस्वास ठेवा. तिला कशापाई नापास करता? मला करा."

"सह-संशोधकाला स्वतंत्रपणे नापास करण्याची तरतूद नाही," राजहंस बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जरा ओलावा होता, पण तरतूद नव्हती.

"चूक कसली?" वीट म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. "कामाला आलेली वीट भिजून येते. दाखवायला आणलेली कोरडी असते. या बाईने मला कामासाठी तयार करून आणलं आणि तुम्ही मला वाजवत बसलात."

परीक्षक विटेने घसा साफ केला. "हे मला मान्य आहे. मला लावताना कुणी भिजवलं नव्हतं. म्हणून तर मी सैल होते."

"मग चाचणी पुढच्या बैठकीत घेऊ," औटी साहेब म्हणाले. "वाळल्यावर. दोन महिन्यांनी."

"सोमवारी आमची खडी व्हायची आहे," वीट म्हणाली. "आणि भिजवलेली वीट परत नेत नाहीत. लावतात. राजहंस बाई, नियम चौदा काय म्हणतो?"

राजहंस बाईंनी पहिल्यांदाच पुस्तक उघडलं. "अर्जदाराने समितीसमोर यशस्वी प्रात्यक्षिक दाखवल्यास इतर सर्व चाचण्यांतून सूट," त्यांनी वाचलं. मग खिडकीखालच्या भोकाकडे बघून म्हणाल्या, "जागा उपलब्ध आहे."

आवारात कुंपणाचं काम चालू होतं. शिपायाने तिथून घमेलंभर कालवलेला माल आणि एक थापी आणली. थापी यल्लूबाईंच्या हातात दिली तेव्हा त्या थबकल्या. इतकी वर्षं विटा त्यांनी साफ केल्या, वाहिल्या, भिजवल्या. लावल्या मात्र दुसऱ्यांनी. थापी बाईच्या हातात द्यायची नाही, असा काही नियम नव्हता. तशी रीत होती, इतकंच.

"आक्का, मी?" त्यांनी विटेला विचारलं.

"तू नाही तर कोण? चाळीस वर्षं बघतेयस. हात चालव, मी सुकायला लागलेय."

यल्लूबाईंनी भोक झाडलं, पाणी मारलं, माल पसरला. दोरीला कपाटाच्या किल्ल्या बांधून ओळंबा केला आणि तो औटी साहेबांना धरायला सांगितला. साहेबांनी श्वास रोखून धरला. यल्लूबाईंनी वीट दोन्ही हातांनी बसवली, थापीच्या दांड्याने दोनदा ठोकली आणि सांधे भरले. वीट घट्ट बसली. फक्त जुन्या मापाची असल्यामुळे भिंतीच्या अर्धा इंच पुढे राहिली.

"आत घेऊ का?" यल्लूबाईंनी विचारलं.

"राहू दे," वीट म्हणाली.

औटी साहेबांनीही राहू दे म्हटलं. प्रस्ताव एकमताने मंजूर झाला. मुख्य संशोधक आता कायमच्या कार्यालयातच राहणार, तर गावातलं काम कसं होणार, हा प्रश्न निघाला. पण वीट म्हणाली की हेच सोयीचं. दर तिमाहीला प्रगती अहवाल मागणारे इथेच बसतात. त्यांच्यावरही कुणाचं तरी लक्ष असावं. गावातलं काम यल्लूबाई पाहतील. परीक्षक वीट भिंतीतून निघालेली असल्यामुळे नियमाप्रमाणे जुन्या बांधकाम साहित्यात मोडत होती. तिला त्याच दिवशी संशोधन सहायक म्हणून घेतलं आणि ती यल्लूबाईंबरोबर एसटीने बेलसांगवीला आली. येताना तीही खिडकीशीच बसली.

सोमवारी सकाळी गाडी आली. चालक यासीन गावचाच. यल्लूबाई ढिगासमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी मंजुरीचं पत्र पुढे केलं. यासीनने ते उभ्याउभ्या सगळं वाचलं, शिक्काही बघितला.

"यातली मुख्य संशोधक कोणती, मावशी?"

"त्या तिकडं हापिसात रुजू झाल्या."

"आणि इथलं काम कोण बघणार?"

"मी," यल्लूबाई म्हणाल्या. हा शब्द त्यांनी सावकाश उच्चारला, सगळ्या ढिगाला ऐकू जाईल असा.

यासीनने पत्र घडी घालून परत दिलं. "गाडी तर आणलीच आहे. अंगणवाडीच्या जागेवर नेऊन टाकू का सगळ्या?"

"टाकायच्या न्हाईत," यल्लूबाई म्हणाल्या. "एकेक हातानं उचलायची, हातानं उतरवायची. यातली कोण कधी अर्ज करील, सांगता येत न्हाई."

यासीनला ते पटलं. त्याने गाडीचा फाळका खाली सोडला, हात पॅन्टला पुसले आणि पहिली वीट दोन्ही हातांनी उचलली.