गिअरचं तेल आणि बर्फावरचं खोपटं

गिअरबॉक्सचं तेल बदलायला जी माणसं मेकॅनिककडे जातात, ती बहुधा अंडं उकडायलाही आचारी बोलावत असावीत! अहो, खाली एक बूच, बाजूला वर एक बूच. खालचं उघडायचं, जुनं तेल सोडायचं, खालचं लावायचं. वरचं उघडायचं, नवं भरायचं. संपलं! रविवारी चर्चमधून आल्यावर मी हे सगळं मारितला, म्हणजे माझ्या बायकोला, कॉफी पिता पिता समजावून सांगितलं.

"पण आजच कशाला?" ती म्हणाली. "उद्या शेवटचा दिवस आहे."

"म्हणूनच तर आज!"

शेवटचा दिवस होता खोपट्याचा. आमच्या मिनेसोटात तळं गोठलं, की लोक त्यावर लाकडी खोपटं नेऊन ठेवतात. आत शेगडी, जमिनीला भोक, भोकात गळ. मार्च आला, की सरकारने ठरवलेल्या तारखेच्या आत ते बर्फावरून ओढून काढावंच लागतं. नाही काढलं तर दंड. दंडाचं सोडा, बर्फ विरघळला तर खोपटं थेट माशांच्या घरी!

यंदा सासऱ्यांचं खोपटं आणायचं काम मी अंगावर घेतलं होतं. त्यांच्या, म्हणजे अर्विडच्या, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे ते काठी घेऊन घरात बसलेले. खोपटं त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं. खिडकीला सासूबाईंनी शिवलेले चौकडीचे पडदे. सासूबाई जाऊन दोन हिवाळे झाले, पण ते पडदे अर्विड अजून कुणाला धुवूही देत नाहीत. आणि लग्न झाल्यापासून या गृहस्थांनी माझ्यावर सोपवलेलं सगळ्यात जबाबदारीचं काम म्हणजे ख्रिसमसचे बटाटे सोलणं! तेव्हा ते पडदे सुखरूप आणले, तरच मी त्या घरात माणसांत जमा होणार होतो.

माझा पिकअप ट्रक गेले काही दिवस गिअर बदलताना हिसके देत होता. एवढं ओझं ओढायचं तर आधी ताजं तेल हवं. मी ट्रक उतरत्या फळ्यांवर चढवला आणि खाली सरकलो. बाहेर छपरावरून पाणी ठिबकत होतं. थंडी मोडत होती. प्रत्येक थेंबाबरोबर मला तळ्यावरचा बर्फ पातळ होताना दिसत होता.

खालचं बूच लोण्यासारखं सुटलं. लालभडक तेल धो धो खाली आलं. भांडं म्हणून मी मारितचा टर्की भाजायचा मोठा ट्रे घेतला होता (तिला न विचारता). ट्रे काठोकाठ भरला. खालचं बूच लावलं, बाहेर सरकताना माझा बूट ट्रेला लागला, आणि ते सगळं तेल गॅरेजमधून वाहत बाहेरच्या पांढऱ्याशुभ्र बर्फावर!

"अरे देवा! कोण मेलं?"

रस्त्यापलीकडून शेजारी कार्माइन धावत आला. हा न्यू जर्सीचा माणूस, गेल्या उन्हाळ्यात इथे राहायला आलेला. त्याच्याकडे नवा कोरा, घराएवढा ट्रक आहे. त्यातून आजवर फक्त किराणा वाहिलेला.

"कोणी नाही मेलं. तेल आहे," मी म्हणालो.

"मला वाटलं, बायकोने शेवटी ठेवला तुझ्या नरड्यावर सुरा!"

मी हसलो आणि वरच्या बुचाला पाना लावला. बूच हललं नाही. जोर लावला. नाही. पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळी चढवली, पाय भिंतीला टेकवले आणि येशूचं नाव घेऊन ओढलं. खाडकन आवाज आला. माझ्या मनात आनंद मावेना! पाहतो तर बूच जागच्या जागी, फक्त त्याचे कोपरे झिजून ते गोटीसारखं गुळगुळीत झालेलं. आता त्याला जगातला कुठलाही पाना बसणार नव्हता.

मारित दारात येऊन उभी होती. "आधी वरचं बूच उघडून बघायचं असतं ना? ते उघडलं तरच खालचं सोडायचं. नाहीतर जुनं गेलं आणि नवं भरता येत नाही."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"बाबांनी. मी शाळेत होते तेव्हा." मग तिची नजर ट्रेवर गेली. ती काहीच बोलली नाही. आमच्याकडे याला भांडण म्हणतात.

ट्रक जागेवरून हलणार नव्हता. गॅरेजं रविवारची बंद.

"माझा ट्रक घे की," कार्माइन म्हणाला.

"नको नको, कशाला!"

"अरे खरंच घे. नुसता उभा आहे."

"छे छे, तुला उगाच त्रास."

"बरं," कार्माइन म्हणाला आणि घरी गेला!

मी बघतच राहिलो. गेला? असा कसा गेला? अहो, आमच्याकडे तीनदा विचारायचं असतं! पहिल्यांदा विचारणारा सभ्यपणा करतो, दुसऱ्यांदा आपण सभ्यपणा करतो, आणि तिसऱ्यांदा विचारलं, की मग "बरं बाई, तुम्ही म्हणताच आहात तर" म्हणून घ्यायचं. पहिल्या खेपेला "हो" म्हणणारा माणूस एक तर तापाने फणफणलेला असतो, नाहीतर बाहेरगावचा! हे सांगायची गरज कधी पडलीच नव्हती. आणि हा पठ्ठ्या माझा नकार खराच समजला!

"जा, माग त्याच्याकडे," मारित म्हणाली.

मागू? तोंडाने? मी हात पुसून गेलो. कार्माइनने दार उघडलं. मी म्हणालो, "उबारा आलाय, नाही?" तो म्हणाला, "आलाय." मी म्हणालो, "बर्फ टिकायचा नाही फार." तो म्हणाला, "बरंच आहे की!" मग बराच वेळ आम्ही त्याच्या छपराच्या ठिबकत्या पन्हळीकडे बघत उभे राहिलो. त्याने कॉफी विचारली, मी दोनदा नको म्हणालो. कॉफी गेली.

"तुला काही हवंय का?" त्याने शेवटी सरळच विचारलं.

"छे! मला काय हवं असणार?" माझं तोंड आपोआपच म्हणालं!

परत आलो. मारित बाही वर करून ट्रे घासत होती. "दिला?"

"हवामानाबद्दल चांगलं बोलणं झालं."

तिने घासणी खाली ठेवली. "डुएन, तिथे आईचे पडदे आहेत." तिचा आवाज कापत होता. आमच्या घरात आवाज कापणं म्हणजे दुसरीकडे कपबश्या फुटणं. मी पुन्हा पळत सुटलो.

"कार्माइन, मला तुझा ट्रक हवाय!" माझे कान तापले होते. भर चौकात विजार सुटल्यासारखं वाटत होतं.

"मग मघाशी का नाही म्हणालास?"

"मघाशी मी हो म्हणत होतो."

"'नको नको' म्हणजे हो?"

"पहिले दोन!"

त्याने छातीवर क्रूसाची खूण केली आणि किल्ली घेतली.

तळ्याच्या काठावरून ट्रक बर्फावर उतरला. वर घोटाभर पाणी साचलं होतं, चाकं ते उडवत चालली होती. मी म्हणालो, "पट्टा सोड आणि काचा खाली कर."

"का? गार वारा खायला?"

"नाही. ट्रक खाली गेला तर पोहत बाहेर पडायला."

कार्माइनने चारही काचा खाली केल्या. खालून कुठून तरी लांबलचक "क्रऽऽक" आवाज आला. त्याने स्टिअरिंग असं धरलं होतं, की बोटं पांढरी पडली. बाकीची खोपटी कधीच गेली होती. सगळं तळं रिकामं. मी लांबूनच अर्विडची जागा शोधत होतो. पाइनचं वाकडं झाड, त्याच्या समोर. तिथे ट्रक थांबवला.

खोपटं नव्हतं.

होता फक्त एक काळपट चौकोन. त्यात पाणी, आणि पाण्यावर लाकडाचा एक कुजका तुकडा तरंगत होता.

गेलं! भिंती, शेगडी, पडदे, सगळं तळाला गेलं. मी इकडे बुचाशी कुस्ती खेळत बसलो आणि ते तिकडे बुडालं. खरं सांगतो, मला रडू आलं. कार्माइनने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी अर्विडना फोन लावला. आवाज धड ऐकू येईना, म्हणून स्पीकर सुरू केला.

"अर्विड... मी डुएन. खोपटं जागेवर नाहीये. मला उशीर झाला. आईंचे पडदे... मला माफ करा."

पलीकडून बशीवर कप ठेवल्याचा आवाज आला.

"डुएन," अर्विड म्हणाले, "मी त्यातच बसलोय."

"कशात?"

"खोपट्यात. माझ्या अंगणात आहे. शेजारच्या टॉर्गनी गुरुवारीच ओढून आणलं."

"पण मी तुम्हाला विचारलं होतं ना! मी आणू का म्हणून!"

"विचारलंस. मी नको म्हणालो."

"दोनदा!"

"दोनदा म्हणालो. टॉर्गशी तेव्हाच ठरलं होतं. तू तिसऱ्यांदाही विचारलंस. आता तिसऱ्यांदाही नको म्हणायचं म्हणजे... जावई आहेस रे. बरं दिसतं का? म्हणून हो म्हणालो."

मी काही बोलायच्या आत कार्माइनने माझ्या हातातून फोन ओढला.

"काका, कॉफी उरलीये का? आम्ही दोघं येतो!"

"या की," अर्विड म्हणाले. "केकही आहे."

पहिल्याच खेपेला! इतकी वर्षं मी त्या घरचा जावई आहे. तिथे केक असतो, हे मला त्या दिवशी कळलं.